पाचकंदीलजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान : चार तारे, पाचवा का नाही तेही सांगते

धुळ्यात पाचकंदीलकडून आतल्या गल्लीत शिरलं की भांड्यांच्या दुकानाला चिकटून एक अरुंद, लांबट दुकान लागतं. पाटी नाही. बाहेर तलाठी भरतीची गाइडं आणि दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच रचलेले असतात, त्यामुळे बरेच जण बाहेरूनच परत फिरतात. तुम्ही आत जा. उजव्या हाताला भिंतभर धार्मिक पुस्तकं आहेत. माझा हा रिव्ह्यू मुख्यतः त्या भिंतीसाठी आहे.

आधी एक गोष्ट. या दुकानाबद्दल मी शाळेत सांगितलं तेव्हा भाव किती, दर्जा कसा हे कोणी विचारलं नाही, पहिला प्रश्न आला, “दुकान कोणाचं आहे?” मी सांगितलं, “एका म्हाताऱ्याचं.” इथंही तेवढंच सांगेन. मी त्यांना बाबा म्हणते, धुळ्यात दोन्हीकडचे म्हातारे बाबाच असतात. अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलतात, आणि मी साक्रीकडची आहे, म्हणजे बघा.

तर ती भिंत. सगळ्यात वरच्या फळीवर डावीकडे कुरआनचे मराठी अनुवाद आणि उजवीकडे ज्ञानेश्वरी, दासबोध, गुरुचरित्र. मध्ये बायबल आणि महानुभावांच्या काही पोथ्या. खाली व्रतकथा, आरत्या, भविष्य वगैरे किरकोळ माल. ही मांडणी एका भांडणातून झाली. कुरआनच्या वर दुसरं काही ठेवू नये म्हणून एका गिऱ्हाइकानं हरकत घेतली, म्हणून तो वर गेला. मग ज्ञानेश्वरी खाली का, म्हणून दुसऱ्यानं आवाज चढवला. बाबांनी सुतार बोलावून वरची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ करून घेतली आणि दोघांना वर बसवलं. आता दोन्ही गिऱ्हाइकं खूश आहेत, फक्त काहीही काढायचं तर बाबांना स्टुलावर चढावं लागतं आणि त्यांचा गुडघा कुरकुरतो. मी हात वर केला तर म्हणाले, “राहू दे बेन, मी काढस.” वरच्या फळीला ते स्वतःच हात लावतात, आधी धुऊन.

गुरुचरित्र मागितलं तर “घरात वाचणारं कोण?” असं विचारतात. बायकांनी ते वाचू नये असं मानणारी घरं अजून आहेत, आणि तिथून पोथी दुसऱ्या दिवशी परत येते, हा त्यांचा अनुभव. मी म्हटलं, “मीच वाचणार.” बरं म्हणाले, अध्याय मोजून पानं तपासली आणि कागदात गुंडाळून दिली. सोबत उपदेश नाही. शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात मला याच पोथीबरोबर सोवळ्याचं व्याख्यान फुकट मिळालं होतं.

आता तक्रार. साने गुरुजींच्या जयंतीला, २४ डिसेंबरला, शाळेत पुस्तकं मांडायची होती म्हणून गुरुजींचं काय काय आहे ते बघत होते. सगळं बालसाहित्याच्या कप्प्यात, चांदोबाच्या जुन्या अंकांखाली. त्यातच ‘इस्लामी संस्कृती’! पैगंबरांचं चरित्र आणि त्या काळचं अरबस्तान मराठी वाचकाला समजावून सांगणारं हे पुस्तक, आणि ते इसापनीतीच्या शेजारी. बाबांना म्हटलं, हे इथं कसं? तर म्हणे, “गुरुजी म्हणजे पोरांचं.” एक तारा तिथंच गेला.

दोष एकट्या बाबांचा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण करणारे गुरुजी आपण सगळ्यांनीच ‘श्यामची आई’च्या कव्हरमध्ये बंद करून टाकलेत. ‘खरा तो एकचि धर्म’ परिपाठाला म्हणायचं आणि रांगेनं वर्गात जायचं. माझी पोरंही तेच करतात आणि पेटी मीच वाजवते.

पुस्तक साठ रुपयांना घेतलं, वाचलं. भाषा गोड, आदर मनापासूनचा. पण मला ते थोडं जास्तच गोड वाटलं. गुरुजी ज्याच्यावर प्रेम करतात त्याच्याशी वाद घालत नाहीत. मला वाद लागतो. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त दोघे आधी एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टर उडवतात, एकमेकांना मूर्ख ठरवतात आणि मग कुठे मिठीपर्यंत येतात. ती मिठी मला पटते, कारण आधी काही लपवलेलं नाही. हे भारूड भिंतीवरच्या एका जीर्ण गाथेत सापडलं, फोटो काढायला बाबांनी ना केली नाही.

विनोबांची ‘गीता प्रवचने’ मात्र अगदी दारात, गल्ल्याजवळ, पाच-सहा प्रती. धुळेकरांना कारण माहीतच आहे. १९३२ मध्ये इथल्याच तुरुंगात फेब्रुवारी ते जून दर रविवारी एकेक अध्याय सांगितला गेला, आणि उतरवून घेणारे पुन्हा साने गुरुजीच. बाबा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हे सांगतात. त्याच विनोबांनी पुढे कुराणाचंही सार काढलं, ते आहे का विचारलं तर नव्हतं. संतकवी शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ही नव्हता. ‘ज्ञानाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेखा’ हे तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि पुण्याहून मागवून देतो म्हणाले. दिलाही, वर फक्त पार्सलचे पैसे घेतले. ऑर्डर द्यायची असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, मोबाइलवरचा मेसेज ते बघत नाहीत.

दुसरी तक्रार. पोथीची पानं मोजतात, कादंबरीची मोजत नाहीत. हमीद दलवाईंची ‘इंधन’ (हे विज्ञानाच्या कप्प्यात नव्हतं हे नशीब) घरी आणली. कोकणातल्या गावात बारीकसारीक गोष्टींतून हिंदू-मुसलमान भांडण कसं पेटत जातं त्याची ही कादंबरी, आणि माझ्या प्रतीत मधला एक अख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठाच, गायब. म्हणजे गाव शांत होतं आणि पान उलटलं तर पेटलेलं. परत नेली तर पैसे लगेच दिले, एक शब्द न बोलता. पण धुळ्यात तरी हे पुस्तक पूर्ण मिळायला हवं. इथं २०१३ च्या जानेवारीत हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण दंगलीवर गेलं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. तेव्हा दुकान बंद होतं का, म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “दंगल व्हयनी का पुस्तक कोन लई? कुलपेच खपतस.”

बाकी कामाचं : दुपारी एक ते चार बंद. उजेड कमी, मोबाइलचा टॉर्च लागतो. फोनपे चालतं. श्रावणात कानबाईच्या सणाआधी जाऊ नका, पोथ्या-आरत्यांची गर्दी असते, नीट बघता येत नाही. भाव ठोक सांगतात, घासाघीस केली तर पुस्तक हातातून काढून घेतात. पुस्तक वाचून चांगल्या स्थितीत परत आणलं तर निम्मे पैसे परत, ही सोय मला फार आवडली.

आणि या सोयीमुळेच माझी शेवटची सूचना बाबांनी फेटाळली. नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी त्यांनी धार्मिकच्या भिंतीवर, हनुमान चालिसाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलीय. मी म्हटलं, बाबा, आपल्या यावल तालुक्यातला लेखक, ही कादंबरी आहे, पलीकडे ठेवा. मी स्वतः उचलून कादंबऱ्यांत ठेवलीही. पुढच्या वेळी गेले तर परत जागेवर. “इथंच खपस,” बाबा म्हणाले. “लोक धर्माचं म्हनीसन लेतस, आठ दिवसमा परत आनतस.” एकाच प्रतीवर त्यांनी आतापर्यंत किती कमावलेत ते सांगायला मात्र तयार नाहीत.