एमएसआय आफ्टरबर्नर: खान्देशच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड सांभाळायला किती कामाचं?

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ऊन मी म्हणत असतं आणि नेमका तेव्हाच लग्नसराईचा जोर असतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे व्हिडिओ एडिटिंगवाल्यांकडे रेंडर रात्रंदिवस चालू असतात, सुट्ट्या लागल्याने गेमिंग कॅफेत पोरांची गर्दी असते. म्हणजे ग्राफिक्स कार्डावर वर्षातला सगळ्यात जास्त लोड येतो तो खोली सगळ्यात जास्त तापलेली असताना. एसी खोलीत २२-२५ अंशांवर केलेल्या चाचण्यांचे आकडे म्हणूनच आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पत्र्याखालच्या दुकानात दुपारी तीनला पारा चाळिशीला टेकलेला असतो, आणि कार्डाचा पंखा तीच हवा आत ओढतो.

अशा ठिकाणी एमएसआय आफ्टरबर्नर हे ग्राफिक्स कार्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकावं का? बेलाशक टाकावं. फुकट आहे, एनव्हिडियाची चिप असलेल्या कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं (नावात एमएसआय असलं तरी कार्ड एमएसआयचंच हवं असं नाही), आणि तापमान दाखवणं, पंखा चालवणं आणि वीज कमी करणं ही तिन्ही कामं एकाच खिडकीत होतात. मात्र टाकलं आणि तसंच सोडलं, तर ते फक्त आकडा दाखवतं. खरा उपयोग सेटिंगमध्ये हात घातल्यावरच होतो.

आधी डाउनलोडबद्दल. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट साइट निघालेल्या आहेत. २०२१ मध्ये खुद्द एमएसआयनेच याबद्दल जाहीरपणे सावध केलं होतं. त्यामुळे एमएसआयच्या स्वतःच्या साइटवरून किंवा गुरू-थ्रीडी या साइटवरूनच फाइल घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, कुणाच्या पेनड्राइव्हवरची कॉपीही नको. इन्स्टॉल होताना सोबत रिवाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर येतो, त्याची टिक काढू नका. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दिसतं ते त्याच्यामुळेच.

आता वाचायचं काय? नुसतं "कार्ड ८० वर आहे" या वाक्याला अर्थ नाही, खोली किती तापली होती हेही लिहायला हवं. पंख्याचा वेग आणि कार्डाची वीज तीच ठेवली, तर खोलीचं तापमान जितकं वाढतं साधारण तितकंच कार्डाचंही वाढतं. २५ अंशांच्या खोलीत ६८ वर थांबणारं कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८३ च्या आसपास जाईल. त्यात कार्डाचा काही बिघाड नाही. म्हणून एक साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा आणि दोन आकड्यांमधला फरक लिहून ठेवा. डिसेंबरमध्ये फरक ४३ होता आणि मे महिन्यातही ४३ च असेल, तर कार्ड ठणठणीत आहे. फरकच ५५ वर गेला असेल, तर धूळ, पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट) किंवा पंखा यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. मोजताना काम आणि पंख्याची टक्केवारी मात्र दोन्ही वेळा सारखीच हवी.

मॉनिटरिंगच्या टॅबमध्ये 'जीपीयू टेंपरेचर', 'फॅन स्पीड', 'पॉवर' आणि 'टेंप लिमिट' एवढं चालू ठेवा. यातला 'टेंप लिमिट' बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि खरं निदान तोच करतो. तो ० वरून १ वर गेला की उष्णतेमुळे कार्ड स्वतःहून वेग कमी करतंय असं समजा. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, पण एवढ्या वर जाण्याच्या बऱ्याच आधी, ८३ च्या आसपास, कार्ड क्लॉक (चिपचा वेग) उतरवायला लागतं. रेंडर 'अडकतोय' अशी तक्रार दुपारीच येत असेल आणि रात्री येत नसेल, तर हा आलेख उघडून बघा.

आफ्टरबर्नरची खरी उणीव इथेच आहे: ते दाखवतं तो चिपचा सर्वसाधारण आकडा. सगळ्यात तापलेला बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, आणि मेमरीचं तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो हे दुसरं सॉफ्टवेअर सोबत ठेवावंच लागतं. तेही फुकट आहे, 'सेन्सर्स ओन्ली' निवडून उघडा. चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचा. तो २५ च्या पुढे गेला, तर पेस्ट बाजूला सरकलेली आहे किंवा कार्डाचा कूलर नीट बसलेला नाही. आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवर मात्र हॉटस्पॉटचा आकडा एनव्हिडियाने बाहेर देणं बंद केलंय, तिथे शोधत बसू नका. आणि ३०८० सारख्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डात चिप ७० वर दिसत असताना मेमरी १०० च्या वर असू शकते. ११० ला ती वेग कमी करते. अशा कार्डांसाठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये मेमरीच्या ओळीवर अलर्ट लावून ठेवणं फार गरजेचं आहे.

पंख्याची वक्ररेषा, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा ते ठरवणारी रेषा, हा आफ्टरबर्नरचा सगळ्यात उपयोगी भाग. बहुतेक कार्डांचे पंखे काम नसताना पूर्ण थांबतात आणि ५०-६० अंशांच्या दरम्यान कुठेतरी चालू होतात. थंड खोलीत ही सोय छान. पण खोली ४० वर असली की नुसता ब्राउझर उघडा असतानाही कार्ड त्याच उंबरठ्यावर घुटमळतं, आणि पंखा दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद होतो. आवाजाने डोकं उठतं ते वेगळंच. सेटिंगमधल्या 'फॅन' टॅबमध्ये 'एनेबल यूजर डिफाइन्ड सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक फॅन कंट्रोल' ला टिक करा आणि रेषा साधारण अशी ठेवा: ४० अंशांपर्यंत ३० टक्के, ५५ ला ४५, ६५ ला ६०, ७५ ला ८०, आणि ८२ ला पूर्ण १००. सुरुवात ३० टक्क्यांच्या खाली नेऊ नका, बऱ्याच कार्डांचे पंखे त्याखाली फिरतच नाहीत. खालचं 'टेंपरेचर हिस्टेरेसिस' ३ किंवा ४ करा, म्हणजे एक-दोन अंशांच्या चढउतारावर पंखा वरखाली करणार नाही. मुख्य खिडकीत फॅनचं 'ऑटो' बटण चालू हवं, नाहीतर रेषा काढूनही पंखा जुन्याच चालीने चालतो. 'स्टार्ट विथ विंडोज' विसरलात, तर पीसी रीस्टार्ट झाल्यावर सगळं मूळपदावर येतं.

तरीही पंखा वाढवणं हा अर्धाच उपाय आहे. उष्णता तयारच कमी झाली पाहिजे, आणि त्यासाठी 'पॉवर लिमिट' ची पट्टी आहे. आरटीएक्स ३०६० मूळ १७० वॅटचं कार्ड. पट्टी ८० वर आणली की ते १३६ वॅटवर थांबतं. ३४ वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये आलीच नाही, आणि वेगात पडणारा फरक गेममध्ये किंवा रेंडरमध्ये सहसा जाणवण्याइतका नसतो, कारण शेवटच्या थोड्याशा वेगासाठी कार्ड सगळ्यात जास्त वीज खातं. आणखी एक फायदा: आपल्याकडे सर्रास दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लोडवर असताना लाइट गेली आणि यूपीएसने लगेच मान टाकली, असं होत असेल तर हीच पट्टी तिथेही कामाला येते.

ज्यांना वेगही सोडायचा नाही त्यांच्यासाठी अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीची रेषा उघडते. आधी मुख्य खिडकीत कोअर क्लॉक सुमारे २५०-३०० मेगाहर्ट्झने खाली आणून टिकच्या बटणाने लागू करा. मग रेषेवरचा ९०० मिलिव्होल्टचा बिंदू पकडून १८०० मेगाहर्ट्झवर न्या आणि पुन्हा लागू करा. उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट झाले पाहिजेत. हे आकडे ३०६० साठी सुरुवात म्हणून घ्या, प्रत्येक चिप वेगळी असते. मध्येच स्क्रीन काळी पडली, ड्रायव्हर बंद पडला किंवा रेंडर झालेल्या व्हिडिओत एखाद्या फ्रेमवर रंगीत ठिपके आले, तर रेषेवर ९०० ऐवजी ९२५ मिलिव्होल्टचा बिंदू घ्या. 'विंडोजबरोबर लागू करा' हे बटण मात्र दोन-चार मोठे रेंडर निर्धोक पार पडल्याशिवाय दाबू नका. कोअर व्होल्टेज वाढवण्याची पट्टी आणि ओसी स्कॅनर (कार्डाचा वेग आपोआप वाढवून बघणारी सोय) यांना उन्हाळ्यात हातच लावू नका. पाच प्रोफाइल साठवता येतात: एकावर उन्हाळा, एकावर हिवाळा ठेवलात की काम एका क्लिकचं.

चाचणी फरमार्क या कार्डावर मुद्दाम ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरवर करू नका. तो कार्डाला जसा राबवतो तसं कुठलंच रोजचं काम राबवत नाही. तुमचाच एखादा प्रोजेक्ट दुपारी दोन ते चारच्या दरम्यान अर्धा तास चालवा. कार्डाचा आकडा दहा-पंधरा मिनिटांत स्थिरावतो, पण कॅबिनेटच्या आतली हवा त्यानंतरही तापत राहते.

सॉफ्टवेअरची हद्द कुठे संपते हेही याच चाचणीत कळतं. अर्धा तास झाला की कॅबिनेटची बाजूची काच काढा. पाच-सात अंशांहून जास्त उतार पडला, तर दोष हवेच्या वाटेत आहे: पुढचं पॅनेल बंद काचेचं आहे, मागचा पंखा उलटा बसवलाय, किंवा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात भिंतीला चिकटून ठेवलंय. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवा पीसी जोडून घेणार असाल, तर जाळीचं पॅनेल आणि पुढे दोन, मागे एक असे १२० मिलिमीटरचे पंखे तिथेच मागून घ्या. काच काढूनही काहीच फरक पडला नाही, तर दोष कार्डातच आहे.

त्यात पहिला संशय रुईवर घ्या. कापसाच्या पट्ट्यात, जिनिंगच्या आसपासच्या गावांत, हवेतले तंतू पंख्यातून आत जातात आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतात. वरून कार्ड स्वच्छ दिसतं. टॉर्च तिरपी धरली की पात्यांवर चिकटलेला राखाडी नमद्यासारखा थर दिसतो, आणि एवढा थर कितीही चांगली वक्ररेषा निकामी करतो. जिनिंगचा हंगाम संपता संपता, मार्चमध्ये, ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं. पेस्ट बदलायची असेल, तर कूलरचे चार स्प्रिंगवाले स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, आणि थर्मल पॅड जितक्या जाडीचे निघाले तितक्याच जाडीचे घाला. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा कडक पॅड घातला की कूलर चिपवर टेकतच नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. वॉरंटीत असलेलं कार्ड उघडू नका.

डेझर्ट कूलर असेल, तर कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो खोलीची हवा चांगलीच उतरवतो, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका: त्याबरोबर उडणारे पाण्याचे थेंब बोर्डावर सुकतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तिथेच राहतात.

एएमडीचं कार्ड असेल, तर आफ्टरबर्नरपेक्षा एएमडीचं स्वतःचं ॲड्रेनलिन सॉफ्टवेअर वापरा. पंख्याची रेषा, वीज आणि हॉटस्पॉट सगळं त्यातच आहे. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले, तर एकाने लावलेली सेटिंग दुसरं पुसतं. लॅपटॉपवर तापमान दिसेल, पण पंख्याचा ताबा आफ्टरबर्नरला सहसा मिळत नाही. तिथे लॅपटॉप कंपनीचंच सॉफ्टवेअर उघडावं लागतं.