हनोईतील अंड्याची कॉफी : कॅफे जांग की कॅफे दिन्ह?

व्हिएतनाममधील हनोईच्या जुन्या भागात अंड्याची कॉफी प्यायची असेल, तर आडबाजूच्या दोन जागांचा विचार करावा. ‘कॅफे जांग’कडे एका अरुंद बोळातून जावे लागते. दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम केलेल्या न्युएन वान जांग यांनी अंड्याचा पिवळा बलक फेटून ही कॉफी घडवली आणि १९४६ मध्ये हा कॅफे सुरू केला. येथे कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, त्यामुळे वरचा गोड, घट्ट फेस ऊबदार राहतो आणि खालच्या कडक कॉफीशी त्याचा मेळ टिकतो. गार झाल्यावर अंड्याचा वास जाणवू लागतो, म्हणून ही काळजी मला फार मोलाची वाटते.

‘कॅफे दिन्ह’ जांग यांच्याच कन्येचा. दिन्ह तिएन होआंग रस्त्यावरील दुकानामागच्या जुन्या जिन्याने वर गेले की बैठी स्टुले आणि होआन किएम तलावाकडे उघडणारी चिमुकली गॅलरी लागते. कॉफी त्याच घराण्यातली, म्हणून चवीसाठी दोहोंत मोठा भेद करणे मला पटत नाही. जांगमध्ये पर्यटकांची वर्दळ फार असते. तरीही पहिला कप तेथेच घ्यावा, आणि निवांत बसायचे असेल तेव्हा दिन्हचा जिना चढावा.