स्वतः बांधलेलं मागचं चाक: दहा महिने, ४,६०० किलोमीटर

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपती बसायच्या आधी, माझ्या हायब्रिड सायकलचं मागचं चाक मी घरी बसून स्वतः बांधलं. तेव्हाच ठरवलं होतं की लगेच काही लिहायचं नाही, नवं चाक पहिल्या महिन्यात कुणाचंही छानच वाटतं. आता जून लागलाय, सायकल कॉम्प्युटरवर ४,६०० च्या वर झालेत, तेव्हा लिहितो.

आधी चाकावर भार किती आहे ते सांगतो, त्याशिवाय चाकाबद्दल काही सांगण्यात अर्थ नाही. माझं वजन ८६ किलो. कॅरिअरला एक पॅनियर (बाजूला लटकणारी बॅग), त्यात लॅपटॉप, डबा, कपडे, कुलूप मिळून सात किलो. आठवड्यातून चार दिवस कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूने साधारण १५ किलोमीटर, मध्ये चांदणी चौकाचा चढ, आणि मग सर्व्हिस रोड, पेव्हर ब्लॉक, रंग न मारलेले स्पीडब्रेकर, पावसात पाण्याखाली न दिसणारे खड्डे. टायर ७०० बाय ३५. ब्रेक व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर घासणारे.

सायकलसोबत आलेलं चाक मशिनवर बांधलेलं होतं, ३२ स्पोकचं. आठ महिन्यांत त्याचे पाच स्पोक तुटले. पाचही कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे आणि पाचही एकाच जागी, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात स्पोक जिथे वाकतो तिथेच. दरवेळी सकाळी ऑफिसला जाताना टण्ण आवाज, चाक ब्रेकला घासायला लागणार, ब्रेक सोडून ढकलत ढकलत जवळचं दुकान गाठायचं, तिथे कॅसेट काढायचा पाना आहे का विचारायचं, नसला तर पुढचं दुकान. तिसऱ्या वेळेला एका दुकानात सांगितलं की जाड स्पोक टाका, वजनदार माणसाला तेच लागतं. टाकला. पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारचा गेला.

मग पेठेत एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. छोटंसं दुकान, बाहेर पंक्चरची पाण्याची घमेली, आत भिंतीला फ्रेमा टांगलेल्या. काकांनी चाक हातात घेतलं, दोन-दोन स्पोक एकत्र चिमटीत दाबत पूर्ण गोल फिरले आणि म्हणाले, "अरे, हे कधी टाईटच नव्हतं. आऊट काढलाय नुसता." आऊट म्हणजे चाकाचं डावीउजवीकडे डोलणं. मी म्हटलं, काका, सरळ फिरतंय की. ते म्हणाले, "सरळ फिरेलच. चार स्पोक ओढून धरलेत आणि चार झोपलेत. झोपलेले तुटतात, तू ओढलेल्यांकडे बघतोयस."

हे वाक्य मी घरी येऊन नीट समजून घेतलं. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की पुन्हा वाढतो. माझ्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या जरा आत, म्हणजे एका किलोमीटरला ४६० च्या आसपास फेरे, म्हणजे ४,६०० किलोमीटरला प्रत्येक स्पोकने साधारण २१ लाख वेळा ताण सोडला आणि परत घेतला. तार पुढे-मागे वाकवत राहिलो की तुटते, तसंच हे, फक्त हळूहळू. स्पोक पुरेसा ताणलेला असेल तर खाली आल्यावरही त्यात ताण शिल्लक राहतो आणि तो हबच्या भोकात जागचा हलत नाही. ढिला असेल तर खाली आल्यावर पूर्ण सैल पडतो, वाकाशी हलतो, परत ताणला जातो, आणि धातू थकतो. म्हणून वजनदार माणसाला जाड स्पोक हे अर्धवट उत्तर आहे. खरं तर मध्ये बारीक केलेला बटेड स्पोक जास्त चांगला, कारण मधला बारीक भाग जरासा ताणून धक्का घेतो आणि वाकावरचा मार कमी होतो.

तर मी घेतलं काय: शिमानोचा ३६ भोकांचा मागचा हब, कप-कोन आणि छर्रेवाला (कप आणि कोन यांच्या मध्ये सुटे छर्रे), १३५ मिमी रुंदीचा. डबल वॉल (दुहेरी भिंतीची) अलॉय रिम, ३६ भोकांची. सापिम रेस स्पोक, टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८. निपल, म्हणजे स्पोकला रिममध्ये धरून ठेवणारे छोटे नट, पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमचे निपल हलके असतात पण पुण्याच्या पावसात गंजून रिमला चिकटतात आणि दोन वर्षांनी स्पोकची चावी लावली की गोल होतात, रोजच्या सायकलला ते अजिबात घेऊ नका. ३६ का, ३२ का नाही, तर आजोबांची काळी रोडस्टर आठवा, तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असायचे. त्या लोकांना माहीत होतं की सगळा भार मागे असतो, दुधाचे कॅन असोत की सिलेंडर.

स्पोकची लांबी काढणं हे मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात शाळेतलं त्रिकोणाचं गणित निघालं. रिमचा आतला खरा व्यास (निपल बसतो तिथला, नुसता रिमवर छापलेला नाही), हबच्या कडेच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, आणि मध्यापासून दोन्ही कडांचं अंतर, एवढं मोजलं की झालं. ३६ भोकं म्हणजे एका बाजूला १८, दोन भोकांमध्ये २० अंश, तीन क्रॉस मारायचे (प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडतो) म्हणजे ६० अंश. माझं उत्तर कॅसेटच्या बाजूला २८८ आणि दुसऱ्या बाजूला २९० आलं. दोन बाजूंना वेगळी लांबी का, तर कॅसेटला जागा करून द्यायला त्या बाजूची हबची कड आत सरकलेली असते, स्पोक उभे पडतात. त्याच कारणाने त्या बाजूचा ताण जास्त ठेवावा लागतो आणि डावी बाजू त्याच्या साधारण निम्म्यावर राहते. रिमचा व्यास मात्र स्वतः मोजा. मी दोन जुने स्पोक कापून, निपल लावून, समोरासमोरच्या भोकांत घालून मोजला, तीन ठिकाणी, आणि छापील आकड्यापेक्षा दीड मिमीचा फरक निघाला.

बांधायला शनिवार दुपार आणि रविवार सकाळ गेली. नऊ-नऊ स्पोकचे चार गट, आधी कॅसेटच्या बाजूचे मागे ओढणारे, मग डावीकडचे, मग हब पिळून उरलेले. पहिल्या वेळेला व्हॉल्व्हचं भोक बरोबर दोन स्पोकच्या क्रॉसखाली आलं, म्हणजे पंपाचं तोंड बसायला जागाच नाही. अठरा स्पोक सोडून परत घातले. हे नीट बघून घ्या, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे स्पोक एकमेकांपासून लांब जाणारे पाहिजेत. निपलच्या आट्यांना जवसाचं तेल लावलं, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. घट्ट करताना ते तेल वंगणाचं काम करतं आणि नंतर वाळून चिकट होतं, म्हणजे निपल आपोआप सुटत नाही. ट्रूइंग स्टँड (चाक सरळ करायचा स्टँड) नव्हता, सायकल उलटी करून फ्रेमलाच दोन्ही बाजूंना केबल टाय बांधले आणि त्यांची टोकं रिमच्या जवळ कापून ठेवली. चाक मध्यावर आहे का हे बघायला कॅसेट न लावता चाक उलटसुलट बसवून पाहिलं. स्टँड घ्यायची काही गरज नाही.

माझा भाऊ तबला शिकलाय. मी रिम आडवी धरून स्पोक छेडत बसलो होतो तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तो तिसरा उतरलाय. बरोबर होतं. तबला लावताना एका बाजूला ठोकून झालं की समोरची बाजू ऐकतात, सगळीकडून एक स्वर येईपर्यंत. चाकाचंही तसंच आहे, एका बाजूचे सगळे स्पोक जवळपास एका स्वरात यायला हवेत. पूर्ण अर्धा तास तो कानाने सांगत होता आणि मी पाव-पाव फेरा चावी फिरवत होतो. नंतर ओळखीतल्या एका रायडरकडून टेन्शन मीटर आणून ताण मोजला, कॅसेटच्या बाजूला ११० किलोच्या आसपास, आणि सगळे स्पोक त्याच्या दहा टक्के इकडेतिकडे. मीटरशिवाय कानाने एवढं जमतं.

शेवटी काकांनी सांगितलेलं काम: समांतर जाणारे दोन-दोन स्पोक हातमोजे घालून पूर्ण ताकदीने एकत्र आवळायचे, चाकभर, दोन्ही बाजूंना, मग परत आऊट काढायचा, परत आवळायचे. मी चार वेळा केलं, चौथ्या वेळेला चाक जागचं हललं नाही. याने स्पोकचा वाक हबवर नीट बसतो आणि धातूत अडकलेला जास्तीचा ताण निघून जातो. माझ्या मते स्पोक तुटणं थांबलं त्यात या आवळण्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे, आणि घाईत बांधलेल्या चाकात नेमकं हेच राहून जातं.

आता वापर. पहिल्या दिवशी पहिल्या दोनशे मीटरवर टिंग टिंग आवाज आले आणि पोटात गोळा आला. नंतर कळलं की घट्ट करताना पिळ खाल्लेले स्पोक मोकळे होत होते. १५० किलोमीटरवर डावीकडचे चार स्पोक जरा सैल सापडले, अर्धा-अर्धा फेरा दिला. ५०० ला परत पाहिलं, दोन मिनिटांचं काम निघालं. त्यानंतर आजपर्यंत चावी फक्त एकदाच लावली, जानेवारीत. पुण्यातून २०० ची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, इथे २०० किलोमीटर) केली होती, साडेतेरा तासांची वेळ असते, त्यात खंबाटकी उतरताना सावलीतला एक खड्डा दिसलाच नाही आणि मागचं चाक असं आदळलं की मला वाटलं रिम गेली. घरी येऊन पाहिलं तर एका जागी मिलिमीटरभर आऊट. तीन निपल, पाव फेरा. बस. तुटलेले स्पोक आजपर्यंत शून्य. आठ महिन्यांत पाच तुटण्याची सवय लागलेल्या माणसाला हा आकडा काय वाटतो ते शब्दांत सांगता येणार नाही, मी अजूनही टूल बॅगमध्ये दोन जादा स्पोक घेऊन फिरतो.

चढावर उभं राहून पायडल मारताना जुनं चाक ब्रेकला घासायचं, ते बंद झालं. वेग वाढला वगैरे मी म्हणणार नाही, चाक जुन्यापेक्षा थोडं जडच आहे.

तक्रारी आहेत. एक, हबचे छर्रे. सप्टेंबरच्या जोरदार पावसात दोन वेळा चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेलो आणि ऑक्टोबरमध्ये चाक हाताने फिरवलं की खरखर लागत होती. उघडलं तर ग्रीसचं करड्या रंगाचं पाणी झालेलं. कप-कोन हबचा फायदा असा की छर्रे बदलून, नवं ग्रीस भरून, कोन परत बसवून तीनशेच्या आत काम झालं, पण हे दर पावसाळ्यानंतर करावंच लागणार, नाही केलं तर कोनला खड्डे पडतात आणि मग हबच बदला. कोन बसवताना क्विक रिलीज (चाक पटकन काढायची खिट्टी) बंद केल्यावर ते आणखी आवळतात हे लक्षात ठेवा, अगदी किंचित ढिलं सोडायचं. दुसरं, रिम. पावसात ब्रेक पॅडमध्ये वाळूचे कण घुसतात आणि रिम खातात. ब्रेकच्या पट्ट्यावरची झीज दाखवणारी बारीक खाच अजून शिल्लक आहे पण पहिल्यापेक्षा उथळ झालीय, माझ्या अंदाजाने ही रिम अजून दोन पावसाळे. आता ओल्यात चालवून आलो की पॅड फडक्याने पुसतो आणि अडकलेले कण टाचणीने काढतो. तिसरं, रिम टेप, म्हणजे रिमच्या आत ट्यूबखाली असलेली पट्टी. सोबत मिळालेली रबरी पट्टी पहिल्या महिन्यातच सरकली आणि निपलच्या भोकाच्या कडेने ट्यूब आतून फाटली. कापडी टेप घातली, त्यानंतर आतून एकही पंक्चर नाही.

खर्च: हब २,३००, रिम १,७००, स्पोक-निपल १,९००, कापडी टेप १५०, आणि निपलच्या मापाची चांगली चावी ४५०. एकूण ६,५००. ती गोल, सहा खाचांची स्वस्त चावी वापरू नका, निपल सोलून निघतात. तयार चाक याहून कमी किमतीत मिळतं हे खरंय. स्वतः बांधायचं नसेल तर तयार चाक घ्या, पण ते वापरायच्या आधीच एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडे नेऊन ताण सारखा करून घ्या आणि स्पोक आवळून घ्या, फक्त आऊट काढा असं सांगू नका. त्या कामाचे दोनशे-तीनशे मागितले तर घासाघीस करू नका, एक तासाचं काम आहे आणि ते करणारे हात शहरात कमी होत चाललेत.

सोमवारी सकाळी निघण्याआधी मी चाक उचलून फिरवतो आणि दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत एक चक्कर मारतो, अर्धा मिनिट लागतं. एखादा मऊ लागला तर लगेच कळतं. गेल्या महिन्यात चाक काकांना दाखवायला नेलं होतं. त्यांनी तसंच चिमटीत दाबत पूर्ण गोल केला, डावीकडच्या एका स्पोकपाशी थांबले, खिशातून चावी काढून जेमतेम एक अष्टमांश फेरा दिला आणि चाक परत दिलं. म्हणाले, "पुढचं कधी बांधतोयस?" रिम आणून ठेवलीय, पाऊस संपला की बसतो.