टायमर बंद, तरी रॉडला करंट: टॉवेल वॉर्मरचे नऊ महिने

गेल्या जूनमध्ये टॉवेल वॉर्मर (विजेवर तापणाऱ्या दांड्यांचा टॉवेल स्टँड) घेतला तेव्हा दीडेक महिन्याने अनुभव लिहायचं ठरवलं होतं. लिहिला नाही हे फार बरं झालं. तेव्हा मी पाचपैकी पाच तारे दिले असते आणि टायमरचं तोंडभरून कौतुक केलं असतं. ते वाचून कुणी माझ्यासारखीच जोडणी केली असती, तर त्या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

घर माटुंग्याला, इमारत १९७८ची. बाथरूम चार बाय सहा फूट, खिडकी डक्टमध्ये उघडते. पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तो कुबट वास धुऊनही जात नाही. गॅलरीतल्या दोऱ्यांवर चौघांचे कपडे आधीच लटकलेले. म्हणून हा १२० वॉटचा, चार दांड्यांचा वॉर्मर. काम चोख करतो. टॉवेल एकपदरी पसरला तर अडीच-तीन तासांत कोरडा होतो, घडी घालून टाकला तर आतला पदर सकाळपर्यंत ओलाच.

पहिला महिना आम्ही तो चोवीस तास चालू ठेवला, कारण १२० वॉट म्हणजे किरकोळ असं वाटलं. पण १२० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला ८६. आमचा वापर एरवी २६० युनिटांच्या आसपास असतो. तो ३४६ वर गेला आणि तीनशेच्या वरची ४६ युनिटं महागड्या स्लॅबमध्ये पडली. टॉवेल सुकवायला एवढे पैसे घालवणं मला पटेना. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन साधा चकतीचा टायमर आणला, चोवीस तासांच्या चकतीला पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ पिना असतात तो. वॉर्मरची केबल भिंतीतल्या भोकातून पॅसेजमध्ये काढली होती. तिथल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये टायमर आणि टायमरमध्ये वॉर्मर. रात्री साडेनऊ ते बारा आणि सकाळी सहा ते साडेसहा. दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला अकराही नाहीत. टायमर बाथरूमच्या बाहेर आहे, म्हणजे सगळं सुरक्षित आहे, असं मी समजत होते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी चारच्या सुमाराला आई (माझ्या सासूबाई) टॉवेल काढायला गेल्या आणि हात झटकत बाहेर आल्या. "अगं, दांडीला हात लावला तर मुंग्या आल्या." मी म्हटलं, शक्यच नाही, टायमर बंद आहे, रॉड गार आहे. तरी घरातला टेस्टर लावून पाहिला. दांडीवर दिवा लागला. आईंच्या पायात रबरी स्लिपर होत्या. त्या अनवाणी असत्या तर, हे वाक्य मी अजून पूर्ण करू शकत नाही.

आमच्या इमारतीची कामं करणारे परवानाधारक वायरमन काका संध्याकाळी आले. त्यांनी आधी वॉर्मरला नाही, सॉकेटला हात घातला. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं (करंट आणणारी वायर) आणि डावं न्यूट्रलचं (परतीची वायर). आमच्या पॅसेजमध्ये फेज डावीकडे होती. सॉकेट उघडलं तर अर्थिंगचा स्क्रू रिकामा, हिरवी वायर मागे बॉक्सात आखूड कापून सोडलेली. "वहिनी, हा टायमर दोन्ही वायरी तोडत नाही," ते म्हणाले, "उजवीकडची एकच तोडतो. तुमच्याकडे उजवीकडे न्यूट्रल आहे."

म्हणजे टायमर रोज नेमाने न्यूट्रल तोडत होता आणि फेज रॉडपर्यंत तशीच पोचत होती. वॉर्मर गार व्हायचा, कारण न्यूट्रल तुटल्यावर करंटला परतीची वाट राहत नाही. पण आतली पूर्ण कॉइल २३० व्होल्टवर. त्यात केबल जिथे दांडीत शिरते तिथल्या टोपीखालचा रबरी वायसर नीट बसलेला नव्हता. तिथून पाणी शिरलं आणि करंट दांडीच्या अंगावर आला. अर्थिंग असतं तर तो तिकडून निघून गेला असता. नव्हतं, म्हणून तो कुणीतरी हात लावायची वाट पाहत होता.

माझा मोठा प्रश्न आरसीसीबीचा, म्हणजे करंट गळला की घराची वीज तोडणाऱ्या स्विचचा होता. तीन वर्षांपूर्वी डीबी (घराचा मुख्य स्विचबोर्ड) बदलली तेव्हा ३० मिलिअँपियर गळतीची बसवून घेतली आहे आणि दर महिन्याला मी तिचं टी बटण दाबते. दरवेळी ती पडते. मग त्या दिवशी का पडली नाही? काकांनी समजावलं की ते बटण फक्त आरसीसीबी शाबूत आहे की नाही ते सांगतं, सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते सांगत नाही. स्लिपरमुळे आईंच्या अंगातून फार थोडा करंट गेला. मुंग्या यायला एखादा मिलिअँपियर पुरतो, तेवढ्यावर ती पडत नाही.

काकांनी फेज-न्यूट्रल जागेवर आणले, हिरवी वायर नवीन ओढून जोडली, वॉर्मर लावून टायमर फिरवला आणि क्षणात सगळं घर अंधारात. मी वैतागले, म्हटलं आता काय नवीन बिघडलं. ते शांतपणे म्हणाले, "आता बरोबर झालं." दांडीतला करंट अर्थिंगमधून वाहिला आणि आरसीसीबीने तो पकडला. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला तर काटा शून्याला चिकटलेला, म्हणजे इन्सुलेशन पार गेलेलं. वॉर्मर त्याच रात्री भिंतीवरून उतरवला.

बदलून मिळायला एकोणीस दिवस लागले. कंपनीचं पहिलं उत्तर आलं की बाहेरचा टायमर लावल्यामुळे गॅरंटी संपली. त्यांच्याच माहितीपत्रकात बाहेरचा टायमर चालतो असं छापलं होतं, त्या पानाचा आणि मेगरच्या काट्याचा फोटो पाठवला. घरी आलेला माणूस म्हणाला, "पावसाळ्यात होतं असं, १२० वॉटला अर्थिंग लागत नाही." हे वाक्य मला त्या दिवसांतलं सगळ्यात भयंकर वाटलं. वॉट कमी असले म्हणून व्होल्ट कमी होत नाहीत, सॉकेटमध्ये २३० च असतात. ज्याला कंपनी घरोघर पाठवते त्याला एवढं माहीत असायलाच हवं.

नवा वॉर्मर आला तेव्हा जोडणी बदलली. चकतीचा टायमर तसाही निघणारच होता: मीटररूमच्या कामासाठी दोन तास लाईट गेली की चकती दोन तास मागे पडायची आणि रात्रीचं तापणं मध्यरात्री दोनपर्यंत चालायचं. आता पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दारापासून लांब, एका बंद बॉक्समध्ये बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर आहे. पण तो वॉर्मरला थेट वीज देत नाही. तो दोन पोलचा काँटॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) ओढतो आणि काँटॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. वॉर्मरसाठी स्वतंत्र ६ अँपियरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) आणि बाहेर दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच. बाथरूमच्या आत सॉकेट नाही, जोड नाही. वॉर्मरवर आयपीएक्स ४ची खूण आहे, म्हणजे उडणाऱ्या पाण्याने त्याला काही होत नाही. तरी एवढ्याशा बाथरूममध्ये पाणी सगळीकडे उडतं, म्हणून तो शॉवरच्या समोरच्या भिंतीवर, उंचावर लावला. सगळं मिळून खर्च वॉर्मरच्या किमतीच्या जवळपास गेला. मी पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई आहे आणि मला त्यातला एक रुपयाही जास्त वाटला नाही.

सकाळी सहाला पॅसेजमध्ये काँटॅक्टरचा खटका ऐकू येतो. मुलगा म्हणतो आवाजाने झोपमोड होते. मला तो आवाज हवा आहे. साडेसहाला दुसरा खटका झाला की दोन्ही वायरी सुटल्या हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. आई अजून दांडीला आधी हाताची मागची बाजू लावतात आणि मगच टॉवेल काढतात.

त्यानंतर काकांकडून घरातली चौदाही सॉकेटं तपासून घेतली. तीन उलटी निघाली, त्यातल्या एकाला अर्थिंगही नव्हतं. दोन त्याच दिवशी दुरुस्त झाली. तिसरं फ्रीजच्या मागे, ओट्याच्या कपाटाआड आहे. कपाट सोडवायला सुतार येत्या रविवारी येतोय.