आरोग्य विम्याचा हप्ता मोबाईलवरून: काही महिन्यांच्या वापरानंतर

आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मी आता औशात बसूनच मोबाईलवरून भरतो. पॉलिसी एका सरकारी विमा कंपनीची असून, वर्षाची रक्कम एकदम न भरता यूपीआय ऑटोपेवर (ठरल्या दिवशी खात्यातून रक्कम आपोआप कापण्याची सोय) दरमहा हप्ता बांधून घेतला आहे. चेक घेऊन लातूरला शाखेत जाण्याचा फेरा वाचला, एवढे निर्विवाद.

विम्याच्या ऑटोपेला एक लाख रुपयांपर्यंत दर वेळी पिन टाकावा लागत नाही आणि रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. शेतीच्या घरात ही सूचनाच सर्वांत मोलाची, कारण आमच्याकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही; सोयाबीन मोंढ्यात गेले की खाते भरते आणि पेरणीच्या तोंडावर ते रिकामे होते. मासिक हप्ता चुकल्यास 15 दिवसांची वाढीव मुदत मिळते आणि त्या काळात विमा संरक्षण चालू राहते. वर्षाचे एकरकमी भरणाऱ्याला 30 दिवस मिळतात खरे, परंतु पॉलिसीची मुदत संपल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांतील आजारपणाचा खर्च कंपनीकडून मिळेलच असे नाही, हे एजंट मंडळी आपणहून सांगत नाहीत.

पावतीच्या बाबतीत मात्र ही सोय अपुरी वाटली. एकदा खात्यातून रक्कम वजा झाली, बँकेचा संदेशही आला, पण कंपनीच्या संकेतस्थळावर हप्ता थकीतच राहिला. कंपनीचा मदत कक्ष बँकेकडे बोट दाखवी आणि बँक कंपनीकडे. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे अशी अडकलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते आणि त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाई मिळते. माझी रक्कम मुदतीतच परत आली. तरीही बँकेच्या संदेशावर न थांबता, पॉलिसी क्रमांक असलेली कंपनीची पावती हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 80डी कलमाची वजावट घेणाऱ्यांनाही तीच लागते. रोखीने भरलेला हप्ता तेथे चालत नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी माफ झाल्याने एकरकमी भरणाही थोडा आवाक्यात आला आहे. आमच्या पॉलिसीत मासिक हप्त्यांची बेरीज वार्षिक रकमेपेक्षा जास्त होते आणि नूतनीकरण दिवाळीच्या सुमारास, म्हणजे सोयाबीनचे पैसे हातात असताना येते. म्हणून पुढच्या वेळी ऑटोपे बंद करून पूर्ण रक्कम यूपीआयनेच एकदम भरणार आहे.