ब्लॉकवर ‘के20ए’ कोरलेलं होतं, आणि ते खरंच होतं

होंडाचं लाल टॅपेट कव्हरचं इंजिन एखाद्या जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बसवायचं ज्यांच्या डोक्यात आहे, विशेषतः न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मंडळींनी, पैसे देण्याआधी हे वाचावं. माझे साडेसात हजार न्यूझीलंड डॉलर एका इंजिनावर गेले. विकणाऱ्याने चोरीचा माल दिला नाही की बंद पडलेलं इंजिन गळ्यात मारलं नाही. त्याच्या पावतीवरचा शब्द न् शब्द खरा होता, त्यामुळेच पुढचं सगळं किचकट झालं.

माझी गाडी 1990 सालची युनोस रोडस्टर. माझदाची एमएक्स-5 जपानात या नावाने विकली जायची. 1.6 लिटरचं इंजिन, 120 पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), वजन हजार किलोच्या आत. ऑकलंडमध्ये अशा जपानहून आलेल्या जुन्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात. गाडी वळणावर सोनं आहे, पण चढ लागला की दम लागतो. मग लोक त्यात होंडाचं के-मालिकेचं इंजिन घालतात. होंडाच्या इंटेग्रा टाइप आर या स्पोर्टी गाडीतलं के20ए म्हणजे 1998 सीसी, 11.5 कॉम्प्रेशन आणि 8000 आरपीएमला 220 पीएस. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे गाडीचं नाक जड होत नाही.

शिवाय ते उलटं फिरत नाही. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेची इंजिनं बाकीच्या जगाच्या उलट दिशेने फिरतात. नेहमीच्या गिअरबॉक्सला जोडलीत तर एक फॉरवर्ड आणि पाच रिव्हर्स अशी मजा होईल, कारण पुढे जायला एकच गिअर उरेल, तोही रिव्हर्सचा. के-मालिका सरळ फिरते. ॲडॅप्टर प्लेट घालून माझदाचाच गिअरबॉक्स मागे लावता येतो. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत एक अडचण मात्र आहे. इंजिन लांबीत बसवलं की एक्झॉस्ट उजव्या अंगाला येतो, म्हणजे नेमका स्टीअरिंगच्या दांड्यापाशी. त्यामुळे अमेरिकेतला, म्हणजे डाव्या स्टीअरिंगच्या गाडीसाठीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मागवलात तर तो तसाच परत पाठवावा लागेल.

आता खरी मेख. जपानात ‘के20ए’ हे नाव एकट्या टाइप आरचं नाही. स्टेपवॅगन नावाची कुटुंबवत्सल व्हॅन आहे, तिच्या दोन लिटर इंजिनावरही के20एच कोरलेलं असतं. ब्लॉक त्याच घराण्यातला, बाहेरून रूप तेच, कव्हरवर आय-व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप वेगाप्रमाणे बदलणारी होंडाची यंत्रणा) तेच. पण ताकद 160 पीएसच्या आसपास, आणि साडेसहा हजारांच्या पुढे त्याला काही सांगायचं नसतं. भंगारवाल्याकडे ते हजारभर डॉलरला मिळतं.

मला इंजिन देणारा माणूस आपल्याकडचाच. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली, सगळे त्याला दादा म्हणायचे. जपानहून हाफकट, म्हणजे मधोमध कापलेल्या गाड्यांचे पुढचे भाग, आणवतो आणि सुटे भाग विकतो असं सांगायचा. गॅरेज नीटनेटकं, हत्यारं जागच्या जागी. “भावा, तू आपला माणूस, तुला बाहेरच्या भावाने देणार नाही,” असं म्हणून त्याने पॅकेज सांगितलं: इंजिन, ॲडॅप्टर, माउंटिंग, वायरिंग आणि प्रोग्राम करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मेसेजवर त्याने स्पष्ट लिहिलं होतं, ‘डीसी5 टाइप आरमधून काढलेलं, 220 एचपी’. डीसी5 हा त्या इंटेग्राचा मॉडेल कोड. सोबत दोन फोटो पाठवले, एक लाल कव्हरच्या इंजिनाचा आणि एक डीसी5च्या चासी प्लेटचा. शिवाय व्हिडिओ, त्यात मीटरचा काटा आठ हजारांवर जाऊन येतो. फोटो दोन, व्हिडिओ एक, पण इंजिन, चासी प्लेट आणि मीटर एकाच चौकटीत कुठेही नाहीत. प्लेट एका गाडीची, मीटर दुसरीचं आणि इंजिन तिसरीचं असायला कुणाची हरकत नसते.

गाडीत इंजिन बसलं, चालू झालं, आवाज छान. साडेपाच हजारांवर गेलं की पाठीत लाथ बसल्यासारखा झटका यायचा. व्हीटेकचा झटका म्हणतात तो हाच, अशी कुणाचीही खात्री पटावी. त्याच्या खाली गाडी जरा मरगळलेली वाटायची. त्यावर दादांचं उत्तर तयार होतं: “रेव्हवालं इंजिन आहे रे, खाली नसतंच काही. वर ठेव.”

इथल्या नियमाप्रमाणे एवढा बदल केला की एलव्हीव्ही (लो व्हॉल्यूम व्हेइकल) सर्टिफिकेट लागतं, त्याची छोटी प्लेट गाडीवर कायमची बसते. सर्टिफायरने माउंटिंग, वेल्डिंग, ब्रेक, प्रॉपेलर शाफ्ट सगळं तपासलं, काही दुरुस्त्या सांगितल्या आणि गाडी पास केली. मला वाटलं, चला, सरकारी शिक्का बसला. पण गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का, एवढंच तो माणूस बघतो. इंजिनाच्या पोटात कुठला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे हे बघणं त्याचं काम नाही. “सर्टिफाइड आहे” हे वाक्य विकणारे अगदी छातीठोक वापरतात, म्हणून सांगितलं.

बिंग फुटलं ते डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. ट्यूनिंगसाठी गाडी रोलरवर चढवली, तर चाकांवर 132 हॉर्सपॉवर. टाइप आरचे चाकांवर 180 तरी पडायला हवेत. आलेखाची रेघ साडेसहा हजारांच्या आधीच खाली वळलेली. डायनोवाल्याने पुढे रेव्ह करायला साफ नकार दिला. ईसीयूत मर्यादा 8400 ठेवलेली होती, आणि या व्हॉल्व्ह स्प्रिंगवर तेवढं फिरवलं तर इंजिन जमिनीवरून गोळा करावं लागेल, असं त्याचं म्हणणं.

मग त्याने लॅपटॉपवर एक आकडा बदलला. साध्या के20एमध्ये व्हीटेकचं काम वेगळं असतं. खालच्या रेव्हला दोन इनटेक व्हॉल्व्हपैकी एकच नीट उघडतो, दुसरा जेमतेम किलकिला. पेट्रोल वाचावं म्हणून ही सोय. सव्वादोन हजारांच्या आसपास दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र काम करायला लागतात, आणि व्हॅनमध्ये बसलेल्याला ते कळतही नाही. माझ्या ईसीयूत हा बदल साडेपाच हजारांवर नेऊन ठेवला होता. म्हणजे तोपर्यंत इंजिनाचं एक नाक दाबून धरायचं आणि मग अचानक सोडायचं. तोच माझा झटका! आकडा खाली आणताच मधल्या रेव्हची ताकद वाढली आणि झटका गायब झाला. हे चुकून होत नाही. कुणीतरी बसून, विचार करून केलेलं काम आहे, आणि कारागिरी म्हणून मला त्याचं आजही थोडं कौतुक वाटतं.

टॅपेट कव्हर तिथेच उघडलं. टाइप आरच्या कव्हरचा लाल रंग सुरकुत्या पडल्यासारखा खरबरीत असतो. माझं कव्हरही खरबरीत होतं, तसा स्प्रे डब्यात मिळतो. पण कव्हरच्या कडेला रबरी गॅस्केटवर लाल रंगाची केसासारखी बारीक रेघ उतरली होती. कारखान्यात रंगवलेल्या कव्हरचा रंग गॅस्केटवर येईल कसा? आत एक्झॉस्टच्या कॅमशाफ्टवर दर सिलिंडरमागे दोनच लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे. टाइप आरला तिथे तीन असतात, मधला मोठा. यापुढे वाद घालायला काही उरलं नव्हतं.

दादांना फोन केला. ते चिडले नाहीत, गडबडलेही नाहीत. “पावती बघ. के20ए लिहिलंय ना? ब्लॉकवर काय आहे? के20ए. मग मी खोटं काय दिलं?” वर, तो तर फावल्या वेळात विकणारा खाजगी माणूस, त्याला ग्राहक कायदा लागू नाही, हेही ऐकवलं. महिन्याला अनेक इंजिनं विकणारा खाजगी माणूस! तोवर जाहिरात काढून टाकलेली होती.

डिस्प्युट्स ट्रिब्युनलमध्ये गेलो. तिथे वकील चालत नाहीत, आपणच बोलायचं. विकणारा धंदेवाला असेल तर फेअर ट्रेडिंग ॲक्ट आणि ग्राहक हमीचा कायदा आहेच. पण खाजगी असला तरी चुकीची माहिती देऊन करार करायला लावला तर 2017च्या कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ ॲक्टखाली भरपाई मागता येते. पावती त्याच्या बाजूने होती, मेसेज माझ्या. ‘डीसी5 टाइप आर’ हे चार शब्दही नसलेलं एक वाक्य आणि डायनोचा आलेख, एवढ्यावर निकाल लागला. इंजिनाच्या किमतीतला फरक परत देण्याचा आदेश झाला. ॲडॅप्टर, मजुरी, सर्टिफिकेटचा खर्च माझा मलाच.

तुमची वेळ येईल तेव्हा इंजिन बघायला जाताना 10 एमएमचा सॉकेट खिशात ठेवा आणि कव्हर उघडायला सांगा. कॉइल काढायच्या, नट सोडायचे, चहा होईपर्यंतचं काम आहे. “सील तुटेल”, “वॉरंटी जाईल” म्हणणाऱ्याला विचारा, वापरलेल्या इंजिनाला कसली वॉरंटी. पावतीवर नुसता इंजिन कोड घेऊ नका. कुठल्या मॉडेलमधून काढलं, चासी नंबर काय, हे त्याच्या सहीने लिहून घ्या. बोलणं फोनवर झालं असेल तर घरी येऊन ‘आपलं असं ठरलं’ म्हणून मेसेज टाका आणि त्याचा होकार येईपर्यंत पैसे पाठवू नका. आणि ईसीयू लॉक केलेला असेल, पासवर्ड देत नसेल, तर आत काय दडवलंय हे आता तुम्हाला माहीत आहे. जाता जाता, 1.6च्या युनोसचा डिफरन्शियल खऱ्या टाइप आरपुढे टिकत नाही, तिथे 1.8चा मोठा लागतो. मला तो बदलावा लागला नाही, एवढी बचत दादांमुळे झाली.

आदेशाचे पहिले दोन हप्ते आले, मग थांबले. आता डिस्ट्रिक्ट कोर्टातून वसुलीचा अर्ज केला आहे. गेल्या आठवड्यात दक्षिण ऑकलंडमधून एक नवी जाहिरात दिसली: लाल कव्हर, के20ए, ‘220 एचपी’, गॅरेजची फरशी ओळखीची. कुणी त्या इंजिनाची बोलणी करत असाल तर मला मेसेज करा, निकालाची प्रत पाठवतो.