सांगलीत जुन्या रेकॉर्डी पेनड्राइव्हवर भरून देणारे दुकान : गिटारच्या रेकॉर्डींच्या एका पेटीचा अनुभव

जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून देणारे एक छोटे दुकान सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आहे. तेथे मी वडिलांच्या संग्रहातल्या २९ रेकॉर्डी आणि ४ कॅसेटी दिल्या, झालेले काम एकदा परत केले, दुसऱ्यांदा करून घेतले, आणि त्या दोन खेपांचा हा वृत्तान्त आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण ते चालवणारे गृहस्थ एकटेच सगळे पाहतात आणि पुढे काही उणिवाही लिहायच्या आहेत. ज्यांना जायचे असेल त्यांनी पेठेत चौकशी केली तर कोणीही बोळ दाखवील.

वडिलांच्या पेटीत गाणाऱ्याचा आवाज असलेली एकही रेकॉर्ड नव्हती. सगळी हवाईयन गिटार होती. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवायची, डाव्या हातातला पोलादी गज तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या, अशी ही गिटार आहे. हवाई बेटांवर १८८० च्या दशकात ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय जोसेफ केकुकू यांना दिले जाते. आपल्याकडे ती मुख्यतः कोलकात्याच्या वाटेने रुजली. हवाईयन संगीत वाजवणारे टाऊ मो यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे मुक्कामाला होते, आणि त्याच शहरातल्या गार्नी निस यांनी आपल्या ‘अलोहा बॉइज’सह हे वाद्य रेडिओवर आणि तबकड्यांवर आणले. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, हा ज्या संगीताचा प्राण आहे त्या संगीतात पडद्यांनी न अडवलेले हे वाद्य परके वाटण्याचे कारणच नव्हते. बटुक नंदी यांनी रवींद्रसंगीत, कवी नझरुल इस्लाम यांचे धाकटे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी वडिलांची गीते आणि सुनील गांगुली यांनी चित्रपटगीते व गझला त्यावर वाजवल्या. मुंबईच्या बाजूला हजारा सिंग आणि मूळचे लखनौचे व्हॅन शिपली यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या चित्रपटधुना घरोघरी वाजत. शिपली उत्तम व्हायोलिनही वाजवत, आठ तारांची गिटार वापरत, आणि त्यांच्या कित्येक तबकड्यांवर पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे ॲकॉर्डियन साथीला आहे.

यांतली किती नावे आज सांगलीत विचारली तर ओळखीची निघतील? गिटारवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीमुळे आणि विश्वमोहन भट्ट १९९४ च्या ग्रॅमीमुळे लोकांना ठाऊक आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु धुना वाजवणाऱ्यांचे नाव कधी लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. लेबलवर गाण्याचे शब्द आणि चित्रपटाचे नाव आधी, वादकाचे नाव त्याखाली. रेडिओवर तर तेवढेही नाही. एखादा कार्यक्रम दोन मिनिटे आधी संपला की उरलेली वेळ भरायला गिटारची तबकडी लागे, आणि बातम्यांची वेळ झाली की ती मध्येच तोडली जाई. वडील अशा वेळी रेडिओकडे पाहून, “अरे, निदान कोण वाजवतंय ते तरी सांगा,” असे म्हणत. त्यांनी या रेकॉर्डी जमवल्या त्या बहुधा तेवढ्यासाठीच, म्हणजे नाव वाचता यावे म्हणून.

त्यांतली बरीच नावे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने पुसली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पूर्ण बुडाला होता आणि ही पेटी पलंगाखाली होती. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा बऱ्याच लेबलांचा लगदा झाला होता आणि खोक्यांचा पुठ्ठा रेकॉर्डींना चिकटला होता. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या आणि मोठ्या लाँग प्ले अशा प्लास्टिकच्या रेकॉर्डी पुष्कळशा वाचल्या. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या ११ तबकड्यांपैकी एकीवरही अक्षर शिल्लक नव्हते. त्यानंतर काही वर्षे ती पेटी उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुकानात पाय ठेवताच एक गोष्ट मला पटली. मालकांनी तबकड्या हातात घेऊन आधी लाखेच्या आणि प्लास्टिकच्या वेगळ्या केल्या आणि, “या तुम्ही घरी स्पिरिटने पुसल्या नाहीत ना?” असे विचारले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे माहीत नसल्यामुळे पुरानंतर कित्येकांनी आपल्या हातानेच आपल्या तबकड्या खराब केल्या असतील. यांनी लाखेच्या तबकड्या डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुतल्या आणि भांड्यांसारख्या उभ्या करून वाळवल्या. सुयाही त्यांच्याकडे दोन आहेत. ७८ फेऱ्यांच्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते आणि नंतरच्या बारीक खाचांना २५ किंवा त्याहून कमी. एकाच सुईवर सगळे उरकणाऱ्यांकडे लाखेची तबकडी दिली तर सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि निव्वळ खरखर भरली जाते. या बाबतीत हे काम उत्तम आहे, आणि सांगलीसारख्या शहरात ते होते याचे मला मनापासून कौतुक वाटले.

दर सांगतो. ७८ आणि ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डीला दोन्ही बाजूंचे मिळून १५० रुपये, लाँग प्लेला २५० आणि कॅसेटला २०० असे माझे एकंदर ५,५५० रुपये झाले. स्वच्छतेचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मुदत मात्र पंधरा दिवसांची सांगून पाच आठवडे लावले आणि त्या काळात फोन क्वचितच उचलला.

पहिल्या खेपेचा पेनड्राइव्ह घरी लावला आणि पाच मिनिटांत माझा विरस झाला. खरखर संपूर्ण गेली होती, पण तिच्याबरोबर गिटारही अर्धी गेली होती. या वाद्यात छेडलेला स्वर लगेच विझत नाही. गज हळूहळू पुढच्या स्वराकडे जातो, थरथरतो, आणि त्या शेपटीतच वादकाची ओळख असते. संगणकाच्या खरखर काढणाऱ्या सोयीला ती विरत जाणारी शेपूट आणि तबकडीचा खरवडा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे प्रत्येक मींड मध्येच कात्री लागल्यासारखी तुटत होती. मी दुकानात परत गेलो. मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी मूळ भरलेले आणि साफ केलेले असे दोन्ही आवाज हेडफोनवर एकापाठोपाठ एक ऐकवले. मूळ आवाजात खरखरीच्या मागे गज तारेवर टेकताना होणारा बारीक ‘टक्’ स्पष्ट येत होता. साफ केलेल्यात त्याचा मागमूसही नव्हता. त्यांनी दोनदा ऐकले, हेडफोन काढला आणि म्हणाले, “साहेब, गाण्याच्या रेकॉर्डींना मी एवढंच करतो आणि लोक खूश असतात. गिटारचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.” दुसऱ्या खेपेला त्यांनी फक्त मोठे ठोके काढले आणि खरखर राहू दिली. या खेपेचे जादा पैसे घेतले नाहीत.

त्यांचा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. पेनड्राइव्हवर फाइलींची नावे ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी होती. ज्या १४ छोट्या रेकॉर्डींची लेबले पुरातून वाचली होती, त्यांच्यावरची वादकांची नावेही त्यांनी उतरवून घेतली नव्हती. विचारले तेव्हा, “गाणं तर ओळखू येतंच की,” असे उत्तर मिळाले. गाणे ओळखू येतेच. त्याचमुळे तर वाजवणारा विसरला जातो. लेबल नसलेल्या लाखेच्या तबकड्यांचेही काही करता येण्यासारखे होते. लेबलाच्या कडेला, खाचा जेथे संपतात तेथे, साच्याचा क्रमांक तबकडीतच उमटवलेला असतो आणि पुराचे पाणी त्याला काही करू शकत नाही. मी आग्रह धरल्यावर त्यांनी मोबाइलची बॅटरी तिरपी धरून ११ तबकड्यांच्या २२ बाजूंपैकी १९ बाजूंचे क्रमांक वाचून काढले. संग्राहकांकडच्या याद्यांशी ते पडताळून नावे परत मिळवता येतात, आणि माझे ते काम सध्या चालू आहे. एवढ्या निगुतीने तबकडी धुणाऱ्या माणसाने हे दहा मिनिटांचे काम आपल्या कामाचा भाग मानू नये, याचे नवल वाटते.

आता कॅसेटींविषयी, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेच मिळणार नाहीत. चारही कॅसेटींवर सांगलीतच वाजवणारे एक वादक आहेत. हळदीच्या अडतीवर ते दिवाणजी होते, संध्याकाळी गिटार शिकवत, आणि साऱ्या गावभागात त्यांना गिटारमास्तर म्हणत. घरच्यांची परवानगी अजून मिळायची असल्यामुळे मी येथे एवढेच लिहितो. बंगालमध्ये रवींद्रसंगीत वाजे तसे मास्तर गिटारवर नाट्यपदे वाजवत, आणि खाडिलकरांच्या गावात ते स्वाभाविकच होते. गिटार कोलकात्याची होती, परंतु तारा उचलून धरणारी मानेकडची हाडाची पट्टी त्यांनी मिरजेच्या सतारमेकरांकडून घासून घेतली होती. सतारी आणि तंबोरे करणाऱ्या त्या हातांनी बहुधा असे काम दुसरे केले नसेल. ‘स्वयंवर’मधले यमनातले पद ते वाजवत तेव्हा तीव्र मध्यमावरून पंचमावर जाण्याआधी गज अगदी केसभर मागे घेत. मी अनेक गिटारवादकांच्या रेकॉर्डी ऐकल्या आहेत. ही लकब मला इतरत्र सापडलेली नाही. माझे मत पक्षपाती आहे हे मान्य करतो, कारण लहानपणी मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून हे ऐकलेले आहे.

कॅसेटींच्या कामात मालकांनी जी मेहनत घेतली तिची नोंद केली पाहिजे. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल असल्यामुळे मूळ मुद्रण मंद गतीने झाले होते, म्हणून आज योग्य गतीने लावले की सगळेच चढे वाजते. गिटारच्या तारा हव्या त्या पट्टीत लावता येत असल्याने तिच्यावरून मूळ पट्टी ठरवता येत नाही. ॲम्प्लिफायरचा विजेमुळे येणारा घूं आवाज सेकंदाला ५० आवर्तनांवर आणून गती जुळवावी असे त्यांनी आधी ठरवले होते, पण त्या काळी आपल्याकडे विजेची आवर्तने पुष्कळदा पन्नास भरत नसत हे मी त्यांना सांगितले. शेवटी साथीच्या बाजाच्या पेटीवरून हिशेब केला. मास्तर काळी एक या पट्टीत वाजवत हे मला ठाऊक होते, आणि कॅसेटवर षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध येत होता. गती सुमारे ३ टक्क्यांनी उतरवली, आणि मास्तरांची गिटार पुन्हा मला आठवते तशी, किंचित आळसावलेली, वाजू लागली. पेटीही थोडी उतरलेली असणे शक्य आहे; पण याहून जवळ जाता येईल असे मला वाटत नाही.

तेव्हा कोणी येथे काही भरून घेण्यास देणार असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात आणि त्यावर सही घ्यावी. मूळ न साफ केलेली फाइलही द्यावी. प्रत्येक फाइलला वादकाचे आणि साथीदारांचे नाव, ते नसेल तर साच्याचा क्रमांक द्यावा. आणि आरंभीचे व शेवटचे काहीही कापू नये. शेवटची अट मी पहिल्या खेपेला घातली नव्हती. कॅसेटवरच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची फाइल त्यांनी थेट गिटारच्या पहिल्या सुरापासून सुरू केली होती, कारण त्याआधीची बडबड कोणाला लागत नाही असा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्या खेपेला ती बडबड मी परत मागून घेतली. तीत माइकची शिटी आहे, मंडपातल्या कोणाचे तरी पोर रडते आहे, आणि मंडळाचे निवेदक मास्तरांचे नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, सावकाश उच्चारत आहेत.